पगार खात्यात, अर्धा परत रोखीत : खासगी कॉलेजांतल्या शिक्षकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विनाअनुदानित खासगी कॉलेजांत शिकवणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियाहून आलेल्या पत्रांतली निवडक इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची आणि कॉलेजांची नावं अर्थातच गाळली आहेत. आपल्यावर काय अन्याय होतोय हे या सगळ्यांना नीट माहीत आहे. घोळ होतो तो पुढे, चुकीच्या दारात सहा महिने जातात आणि बरोबर दाराची मुदत तोवर टळलेली असते. म्हणून उत्तरांत दार कोणतं आणि मुदत किती, यावर भर दिला आहे.

प्रश्न : इंजिनीअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे. खात्यात पूर्ण स्केलचा पगार येतो आणि दोन दिवसांत ठरलेली रक्कम काढून अकाउंट सेक्शनला रोख नेऊन द्यावी लागते. रुजू होताना सही केलेले तीन कोरे चेक आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. तक्रार केली तर पुरावा काय दाखवू? (हिंगणा रोड)

पुरावा तुमच्याच पासबुकात पडून आहे, फक्त तो मांडलेला नाही. मागच्या २४ महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि एका कागदावर चार रकाने पाडा : पगार जमा झाल्याची तारीख, जमा रक्कम, रोख काढल्याची तारीख, काढलेली रक्कम. दर महिन्याला १० तारखेला पगार आणि ११-१२ तारखेला तेवढेच पैसे बाहेर, असं दोन वर्षं दिसलं तर तो घरखर्च होता असं म्हणणं कॉलेजला जड जातं. तुमच्यासोबत आणखी चार जणांची स्टेटमेंट अशीच निघाली, तर ते जवळजवळ अशक्य होतं. एकट्याचा तक्ता संशय निर्माण करतो, पाच जणांचे तक्ते पद्धत सिद्ध करतात.

यापुढे रक्कम देण्याआधी मेसेजवर विचारा, "सर, या महिन्याचे किती आणायचे?" उत्तरात नुसता आकडा आला तरी चालेल. तो मेसेज पुसू नका, फोन बदलला तरी जुना हँडसेट ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर कोर्टात हरकत येते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते देणं सोपं जातं.

हे सगळं का चालतं, तेही समजून घ्या. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, २०१९च्या वेतननियमांत सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. तपासणीत बँकेतून दिलेला पगार बघितला जातो, म्हणून खात्यात पूर्ण रक्कम येते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यासाठी कॉलेज आपला पगारावरचा खर्च दाखवतं. म्हणजे तुमच्याकडून परत गेलेले पैसे कागदावर खर्च म्हणून उभे असतात आणि विद्यार्थ्याच्या फीत मोजले जातात. तक्रार करताना हाच मुद्दा वर ठेवा. "माझं शोषण होतंय" या वाक्यापेक्षा "खर्च फुगवून फी मंजूर करून घेतली जातेय" या वाक्याकडे कार्यालय लवकर वळतं. तक्रारीची एक प्रत प्राधिकरणाला, एक एआयसीटीईला, एक विद्यापीठाच्या कुलसचिवांना आणि एक नागपुरात सदर भागातल्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या आवारात असलेल्या तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात द्या. हातोहात दिलेल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आयकराचं पोर्टल उघडून फॉर्म २६एएस आणि एआयएस उतरवून ठेवा. कॉलेजनं तुमच्या नावावर वर्षाला किती पगार दाखवला, ते तिथे त्यांच्याच तोंडून मिळतं. न मिळालेल्या पैशावर तुम्ही कर भरताय, हेही त्यातच कळेल.

आता चेक. चेकबुकच्या अर्धुकावरून तिन्ही क्रमांक शोधा. कॉलेजला पत्र लिहा : अमुक क्रमांकाचे तीन कोरे चेक नेमणुकीच्या वेळी घेतले, माझं कोणतंही देणं नाही, सात दिवसांत परत करा. त्या पत्राची प्रत जोडून बँकेत स्टॉप पेमेंट द्या. क्रम उलटा करू नका. नुसतं स्टॉप पेमेंट दिलं आणि चेक लावला गेला, तर चेक न वटल्याबद्दल कलम १३८ची नोटीस येऊ शकते. आधीचं पत्र हाती असेल तर देणं नव्हतंच हे सांगता येतं. नोटीस आलीच तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलं पाहिजे, "बघू पुढे" म्हणून ती कपाटात टाकायची नाही.

मूळ कागदपत्रं कॉलेजला फक्त पडताळणीपुरती बघता येतात, अडवून ठेवता येत नाहीत. कागदांची यादी करून लेखी मागा. आणि यापुढे कुठेही रुजू होताना मूळ कागद दिलेच, तर "पडताळणीसाठी दिले" असं लिहून पोच घ्या.

प्रश्न : सात महिने पगार नाही. कामगार कार्यालयात गेलो तर "शिक्षक कामगार नाहीत" म्हणून परत पाठवलं. व्यवस्थापन म्हणतं, समाजकल्याणची शिष्यवृत्ती आली की देतो. (वर्धा रोड)

कामगार कार्यालयानं बरोबर सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा कामगार नाही असा निर्णय दिला. पगारासाठी ते दार बंद आहे, तिथे पुन्हा चपला झिजवू नका.

पदवी कॉलेजातल्या शिक्षकासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये दोन वेगळी दारं आहेत. नोकरीवरून काढलं किंवा पद खाली आणलं, तर कलम ८१ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण. पगार, रजा, वेतनवाढ, छळ अशा बाकी तक्रारींसाठी कलम ७९ खालची विद्यापीठाची तक्रार निवारण समिती. तुमचं प्रकरण ७९चं आहे. शक्य तोवर तीन महिन्यांत तक्रार निकाली काढावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून पाठपुराव्याची पत्रं तारखेनिशी देत राहा.

शिष्यवृत्तीची थकबाकी हे निव्वळ निमित्त नसतं, विद्यार्थ्यांच्या फीपोटी शासनाकडून येणारे हे पैसे खरोखर उशिरा येतात. पण तो शासन आणि कॉलेज यांच्यातला हिशेब आहे. तुमच्या नेमणूकपत्रात "शिष्यवृत्ती आल्यास पगार" असं लिहिलेलं नाही. तरी या सबबीचा एक उपयोग करून घ्या. अकाउंट सेक्शनला ईमेल करा : जुलै ते जानेवारी अशा सात महिन्यांचा इतका पगार बाकी आहे, कधी मिळेल? "शिष्यवृत्ती आली की बाकी देऊ" असं उत्तर आलं तर ती देण्याची लेखी कबुली झाली. पगारासाठी दिवाणी दावा तीन वर्षांत करावा लागतो आणि प्रत्येक महिन्याच्या पगाराची मुदत वेगळी धावते. मुदत संपण्याआधी मिळालेली अशी सहीची कबुली मुदतीचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणते. ईमेल कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरून आलेला हवा, क्लार्कच्या खासगी जीमेलवरून नको.

वेळ साधण्याबद्दल एक सांगतो. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती, म्हणजे कॉलेजात सगळे जिला एलआयसी म्हणतात ती, यायची असली की त्या आठवड्यात दोन महिन्यांचे पगार अचानक होतात. (विम्याच्या एलआयसीनंही इतका वेळेवर पैसा कोणाला दिला नसेल.) कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या भेटीआधीही तेच. तुमची तक्रार त्या भेटीच्या तीन-चार आठवडे आधी विद्यापीठात नोंदलेली असेल, तर समितीच्या कागदांत ती जाण्याची शक्यता वाढते.

पीएफचंही बघा. स्लिपवर १२ टक्के कापलेले दिसतात, पण उमंग अ‍ॅपवरच्या पासबुकात नोंद नाही, असं असेल तर तो नुसता उशीर नाही, तुमच्या पगारातून कापलेला पैसा अडकवून ठेवणं आहे. भविष्य निर्वाह निधीच्या तक्रार पोर्टलवर स्लिप आणि पासबुक दोन्ही जोडून तक्रार टाका. या सगळ्या मार्गांत लवकर हलणारा मार्ग बहुधा हाच.

प्रश्न : शनिवारी चार वाजता ऑफिसात बोलावलं. टाइप केलेला राजीनामा समोर ठेवला. सही केली नाही तर अनुभव प्रमाणपत्र देणार नाही म्हणाले. सही केली. सोमवारी गेटवर अडवलं. आता बारा दिवस झालेत, सचिव "मुंबईहून आल्यावर बोलू" म्हणतात. (काटोल रोड)

तुमच्याकडे १८ दिवस आहेत. न्यायाधिकरणात अपील ३० दिवसांत करायचं असतं. तुमच्यासारख्या प्रकरणात मुदत कधी सुरू झाली यावर वाद घालता येतो, पण तो वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. सोमवार हीच पहिली तारीख धरा. सचिव मुंबईहून येतील, मग घरचं लग्न निघेल, मग अधिवेशन लागेल, आणि एकतिसाव्या दिवशी तुमच्याशी कोणी बोलणार नाही. बोलणी चालू होती हे उशिराचं कारण म्हणून सांगता येतं, पण ते मान्य होईलच असं नाही.

आजच रात्री प्राचार्य आणि सचिवांना ईमेल करा, प्रत कुलसचिवांना. चार वाक्यं पुरेत : अमुक तारखेला अमुक वेळी अमुक जणांसमोर दबाव आणून सही घेतली, राजीनामा माझ्या इच्छेनं दिलेला नाही, तो मी मागे घेतो, मी कामावर यायला तयार आहे. विशेषणं नकोत. "हुकूमशाही", "काळा दिवस" असले शब्द आले की समोरचा वकील तेच वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशी हेच पत्र पोस्टानं पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर नोंदणीची जादा सेवा आणि पोच दोन्ही मागून घ्या. राजीनामा मंजूर होऊन लागू होण्याआधी मागे घेता येतो, त्यामुळे मंजुरीचं पत्र तुमच्या हाती पडलं का आणि कोणत्या तारखेचं, हे कळीचं आहे. त्यांनी मागची तारीख टाकली तर तुमच्या ईमेलची वेळ कामी येते.

मग सकाळच्या कॉलेजच्या वेळेला गेटवर जा. वाद नको. गेटचा, घड्याळाचा फोटो, वॉचमननं रजिस्टरमध्ये नोंद केली तर तिचा फोटो. जवळच्या ठाण्यात अदखलपात्र नोंद करून तिची प्रत घ्या.

अपिलात संस्था, प्राचार्य आणि विद्यापीठ तिघांना प्रतिवादी करा. सोबत जाहिरात, नेमणूकपत्र, निवड समितीचा अहवाल मिळाला असेल तर तो, विद्यापीठाची मान्यता, पगाराच्या स्लिपा. मान्यतेचं पत्र कॉलेज कधीच हाती देत नाही. ते माहिती अधिकारात विद्यापीठाकडून मागा. खासगी कॉलेज स्वतः माहिती द्यायला बांधील नसलं तरी त्यानं विद्यापीठाला दिलेले कागद विद्यापीठाकडे आहेत. अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, आपल्या राज्याच्या नियमांत ही मर्यादा आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून त्याची वाट बघत अपील थांबवू नका, कागद मागाहून जोडता येतो.

अपिलातच एक वाक्य न विसरता घाला : काढल्यापासून मी दुसरीकडे कुठेही पगारी नोकरीत नाही. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं की बेकायदा काढलेल्याला परत घेताना मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे, मात्र आपण बेकार होतो हे कर्मचाऱ्यानं आधी मांडलं पाहिजे. मग उलट सिद्ध करायचं ओझं संस्थेवर जातं. आणि हो, मध्येच "फुल अँड फायनल"चा चेक दाखवून पावतीवर सही मागतील. त्या पावतीत "स्वेच्छेनं राजीनामा दिला, काही येणं नाही" हे वाक्य हमखास असतं. ते खोडून "हक्क राखून स्वीकारले" लिहू देत असतील तर घ्या, नाहीतर चेक टेबलावर ठेवून या.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला आहे, मैत्रीण ज्युनिअर कॉलेजला. आम्हालाही हेच लागू? (भंडारा)

नाही. पदवीच्या खालच्या शिक्षणाला १९७७चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा लागतो, सगळे त्याला एमईपीएस म्हणतात. तंत्रनिकेतन आणि ज्युनिअर कॉलेज दोन्ही त्यात येतात. अपील शाळा न्यायाधिकरणात, कलम ९, मुदत इथेही ३० दिवस. विद्यापीठाच्या न्यायाधिकरणात चुकून गेलात तर "आमचं क्षेत्र नाही" हे ऐकायलाच काही महिने लागतील.

राजीनाम्याबाबत मात्र हा कायदा तुमच्या बाजूनं जास्त काटेकोर आहे. कलम ७ म्हणतं, राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत नोंदणीकृत टपालानं व्यवस्थापनाला, दुसरी तुमच्याजवळ. ऑफिसात बसवून एका छापील कागदावर घेतलेली सही या चौकटीत बसवताना संस्थेची तारांबळ उडते. मंजूर कायम पदावर रीतसर नेमणूक झाली असेल, तर परिविक्षा (प्रोबेशन) साधारणपणे दोन वर्षांची. त्या काळात काम असमाधानकारक म्हणून काढायचं झालं तरी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावाच लागतो.

प्रश्न : सहा वर्षं ११-११ महिन्यांच्या ऑर्डरवर पदवी कॉलेजात शिकवतेय. जूनमध्ये ब्रेक, जुलैत नवी ऑर्डर. कायम होण्याचा हक्क आहे का? (गोंदिया)

सहा वर्षं झाली म्हणून आपोआप नाही. न्यायाधिकरण आधी विचारेल की पदाची जाहिरात निघाली होती का, आरक्षणाची बिंदुनामावली तपासली होती का, निवड समितीत विद्यापीठाचे प्रतिनिधी होते का. तिघांचंही उत्तर हो असेल, तर ११ महिन्यांची ऑर्डर हा बनाव आहे असं म्हणायला जागा आहे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये दहा मिनिटांची मुलाखत होऊन नेमणूक झाली असेल, तर कायमपणाचा दावा दुबळा आहे. वकिलानं खात्रीनं सांगितलं तरी दुसऱ्या वकिलाला विचारा.

पण हातात काहीच नाही असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत कंत्राटी शिक्षक एकूण जागांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत असं म्हटलं आहे. विभागातल्या दहापैकी आठ जण ११ महिन्यांचे असतील, तर ती कॉलेजच्या संलग्नतेची बाब होते. आणि ती तक्रार सगळ्यांनी मिळून, शक्य तर नुटासारख्या शिक्षक संघटनेमार्फत करावी. संघटनेच्या पत्रावर एकट्याला मेमो काढता येत नाही. ब्रेकच्या महिन्यात पेपर तपासले, प्रवेशाच्या टेबलावर बसलात, तर त्या ड्युटीच्या प्रत्येक आदेशाचा फोटो ठेवा.

प्रश्न : नऊ वर्षं सात महिने नोकरी करून मे २०२५ मध्ये सोडली. कॉलेज म्हणतं, शिक्षकांना ग्रॅच्युइटी नसते. (कामठी रोड)

असते. २००९च्या दुरुस्तीनं शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून ग्रॅच्युइटीच्या कायद्यात आणलं. शाळांच्या संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २९ ऑगस्ट २०२२ ला हरल्या.

हिशेब असा : शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची १० वर्षं. मूळ आणि महागाई मिळून ४६,८०० असतील, तर दिवसाचे १,८००, पंधरा दिवसांचे २७,००० आणि एकूण २,७०,००० रुपये. घरभाडं यात धरत नाहीत. कॉलेज मूळ वेतन मुद्दाम छोटं दाखवतं ते याचसाठी.

आधी नमुना "आय" मध्ये कॉलेजला अर्ज. देय झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात, नंतर व्याज लागतं. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर नमुना "एन" मध्ये नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, ९० दिवसांत. उशीर झाला असेल तर कारणाचा अर्ज जोडा, दहा वर्षांच्या कष्टाच्या पैशाला इथे बऱ्यापैकी समजून घेतलं जातं. आपल्या राज्यात हे काम कामगार न्यायालयाकडे दिलेलं आहे. पगारासाठी बंद असलेलं दार ग्रॅच्युइटीसाठी उघडं आहे, हे बऱ्याच शिक्षकांना ठाऊक नसतं. संस्थेला वर अपील करायचं असेल तर आधी रक्कम भरावी लागते, त्यामुळे नुसतं लोंबकळत ठेवण्यासाठी अपील करणं त्यांना परवडत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ नंतर नोकरी सोडणाऱ्यांना सामाजिक सुरक्षा संहिता लागते. पंधरा दिवसांचं सूत्र तेच आहे, पण ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असणाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठीची पाच वर्षांच्या सेवेची अट नाही, एका वर्षाच्या सेवेवर त्या प्रमाणात रक्कम मिळते.

प्रश्न : मे महिन्यात प्रत्येकाला वीस प्रवेश आणायचं टार्गेट आहे. गावोगाव फिरायला पाठवतात, टार्गेट चुकलं की पगार कापतात. (उमरेड)

शिकवण्याचा भार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, बाकी वेळ संशोधन आणि प्रशासकीय कामाला, असं यूजीसीचे नियम सांगतात. प्रवेश समितीत बसणं हे काम आहे, गिऱ्हाईक गाठून आणणं नाही. पगार कापण्याचा आदेश लेखी मागा. बहुतेक ठिकाणी तो मिळत नाही, मग "आपल्या तोंडी सूचनेनुसार अमुक तारखांना अमुक गावी गेलो, तरी पगारातून इतके कापले" असं तुम्हीच ईमेलनं कळवा. त्याला उत्तर आलं नाही तरी कलम ७९च्या तक्रारीला तो जोडता येतो. सोबत एसटीची तिकिटं किंवा पेट्रोलच्या पावत्या ठेवा, प्रवासखर्चही तुमच्याच खिशातून गेलाय, तो वेगळा मागा.